बंदुकीच्या इजांवर संशोधन: अमेरिकेत सरकारी ग्रँटसाठी अर्ज करताना

अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य, मानसोपचार किंवा ट्रॉमा सर्जरीत काम करणारे मराठी डॉक्टर आणि संशोधक आता बरेच आहेत. गोळी लागलेला रुग्ण इमर्जन्सीत रोज पाहणाऱ्याला कधी ना कधी वाटतंच, की यावर नीट अभ्यास करावा. पैसे कुठून मिळतात आणि अर्ज कसा करतात, हे अशांसाठी लिहिलं आहे.

फॉर्मकडे वळण्याआधी एक वाक्य समजून घ्या, कारण नवख्याचं घोडं तिथेच अडतं. १९९३ मध्ये सीडीसीच्या (अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या) पैशातून झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याचा धोका वाढलेला असतो. त्यावरून गदारोळ उठला. १९९६ मध्ये अर्कान्सासचे संसदेतले प्रतिनिधी जे डिकी यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती सरकारी खर्चाच्या कायद्यात आली. इजा-प्रतिबंधाचा निधी बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार वा प्रचार करायला वापरता येणार नाही, एवढंच त्यात होतं. संशोधनावर बंदी नव्हती. पण त्याच वेळी सीडीसीच्या अंदाजपत्रकातले २६ लाख डॉलर या विषयावरून उचलून दुसरीकडे वळवले गेले, आणि अधिकाऱ्यांना काय समजायचं ते समजलं. पुढची वीसहून अधिक वर्षं या विषयाला सरकारी पैसा जवळजवळ मिळालाच नाही. खुद्द डिकींनी २०१२ मध्ये सीडीसीच्या इजा-प्रतिबंध केंद्राचे माजी संचालक मार्क रोझेनबर्ग यांच्यासोबत लेख लिहून असं संशोधन व्हायला हवं असं म्हटलं. डिसेंबर २०१९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, अडीच कोटी डॉलर मंजूर केले, निम्मे सीडीसीला, निम्मे एनआयएचला (वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेला). डिकींचं वाक्य मात्र कायद्यात तसंच राहिलं, आणि २०१२ च्या अंदाजपत्रकापासून ते एनआयएचलाही लागू झालं.

अर्जात याचा अर्थ असा: अमुक राज्यात अमुक कायदा आल्यावर मृत्यू घटले का, हे मोजायला हरकत नाही. ‘म्हणून हा कायदा सगळीकडे करा’ अशी मोहीम त्या पैशातून चालवता येत नाही. उद्दिष्टांच्या पानावर मोजणं, तपासणं, तुलना करणं अशीच क्रियापदं ठेवा.

विषय निवडताना बातम्यांवर जाऊ नका. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. टीव्हीवर दिसतात ते सामूहिक गोळीबार या आकड्याचा अगदी छोटा भाग आहेत. त्यामुळे नैराश्याच्या रुग्णाच्या घरी बंदूक कुलपात ठेवायला डॉक्टरने कसं सुचवावं, कुटुंब ते ऐकतं का, असले साधे वाटणारे प्रश्नच खरे भरीव आहेत.

आता पात्रता. अर्ज तुमचा नसतो, संस्थेचा असतो. विद्यापीठ, हॉस्पिटल, ना-नफा संस्था, राज्य किंवा स्थानिक सरकार, अमेरिकेतल्या मूळ जमातींचं सरकार अर्ज करू शकतं; एकट्या व्यक्तीला करता येत नाही. परदेशी संस्था चालते का, हे ग्रँटसाठी अर्ज मागवणाऱ्या प्रत्येक सरकारी सूचनेच्या पात्रता विभागात वेगळं दिलेलं असतं. पुण्या-मुंबईच्या संस्थेने ते आधी वाचावं.

व्हिसाचा प्रश्न हमखास येतो. एनआयएचच्या नेहमीच्या आर-०१ ग्रँटसाठी (एखाद्या संशोधन प्रकल्पाला मिळणारी मोठी ग्रँट) मुख्य संशोधक अमेरिकन नागरिक असावाच लागतो असं नाही. प्रकल्प पुरा होईपर्यंत तो देशात राहू शकेल का, हे त्याच्या संस्थेने बघायचं. फेलोशिप आणि बहुतेक ‘के’ ग्रँटना (संशोधक म्हणून घडण्यासाठीच्या) मात्र नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. पोस्टडॉकमधून स्वतंत्र संशोधक होऊ पाहणाऱ्यांसाठीची के-९९ हा ठळक अपवाद आहे. पोस्टडॉकची चार वर्षं उलटायच्या आत असाल तर तो जरूर पाहा. शेवटची पदवी किंवा क्लिनिकल प्रशिक्षण संपून दहा वर्षं झाली नसतील आणि एनआयएचची मोठी ग्रँट आधी मिळालेली नसेल, तर आर-०१ ला नवोदित म्हणून झुकतं माप मिळतं.

नोंदणीला वेळ लागतो. संस्थेला सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी आणि यूईआय हा संस्थेचा बारा अक्षर-अंकी ओळख क्रमांक हवा, दरवर्षी नूतनीकरणही. शिवाय ग्रँट्स डॉट गव्ह (सरकारी ग्रँटच्या सूचना आणि अर्जांचं संकेतस्थळ) आणि ईआरए कॉमन्स (एनआयएचकडे गेलेला अर्ज पाहण्याची ऑनलाइन प्रणाली). सहा आठवडे हाताशी ठेवा. मोठ्या विद्यापीठात हे आधीच झालेलं असतं, तुम्हाला फक्त कॉमन्सचं खातं लागतं. अर्ज संस्थेचा अधिकृत सहीचा अधिकारी पाठवतो, आणि त्याच्या ऑफिसची अंतर्गत मुदत सरकारी मुदतीच्या बरीच आधी असते. ती विचारून घ्या.

आर-०१ च्या कागदपत्रांत उद्दिष्टांचं एक पान, संशोधन आराखड्याची बारा पानं, प्रत्येक मुख्य माणसाचं बायोस्केच (शिक्षण-कामाचा थोडक्यात परिचय), बजेट आणि त्याचं समर्थन, डेटा साठवण्या-वाटण्याची योजना आणि सहकाऱ्यांची पत्रं. या विषयात खरी मेहनत मात्र मानवी सहभागींच्या भागावर घ्यावी लागते. बंदूक घरात कुठे ठेवता, हा प्रश्न अमेरिकेत पगार विचारण्याहून नाजूक. उत्तर देताना कुणी आत्महत्येचा विचार बोलून दाखवला तर त्या क्षणी तुमचा माणूस काय करणार, हे लिहिलेलं असावंच. एनआयएचच्या पैशातून होणाऱ्या अशा अभ्यासाला गोपनीयतेचं प्रमाणपत्र आपोआप लागू होतं, म्हणजे कोर्टातही सहभागींची नावं उघड करता येत नाहीत. संमतीपत्रात हे सोप्या भाषेत सांगा. हिंसक मृत्यूंच्या राष्ट्रीय नोंदींमधली तपशीलवार माहिती वापरायची असेल तर तिचा अर्ज वेगळा, तेव्हा तो वेळही धरा.

नव्या आर-०१ च्या नेहमीच्या तारखा ५ फेब्रुवारी, ५ जून आणि ५ ऑक्टोबर, संस्थेच्या स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी पाचपर्यंत. खास सूचनेची तारीख वेगळी असू शकते. परीक्षकांचे गुण १० ते ९० मध्ये असतात आणि शाळेच्या उलट, कमी तितके चांगले. पहिल्या फेरीत चर्चाच झाली नाही तरी खचू नका. परीक्षकांचे शेरे मिळतात आणि ३७ महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा पाठवता येतं.

एक सावधगिरी. एप्रिल २०२५ मध्ये सीडीसीच्या इजा-प्रतिबंध केंद्रात मोठी कर्मचारी कपात झाली. त्यामुळे कुणा सीनियरने दिलेल्या जुन्या ग्रँट-सूचनेवर विसंबू नका. ग्रँट्स डॉट गव्हवर आज काय खुलं आहे ते पाहा आणि लिहायला बसण्याआधी प्रोग्राम ऑफिसरला (त्या ग्रँटचं काम पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) एक पानाचा गोषवारा ईमेल करा. संकोच नको, ते त्यांचं कामच आहे. सरकारी दार बंद दिसलं तर रँड या संशोधन संस्थेने चालवलेलं नॅशनल कोलॅबोरेटिव्ह ऑन गन व्हायोलन्स रिसर्च पाहा. त्यांनी पीएचडीच्या प्रबंधांनाही पैसे दिले आहेत.

अर्ज गेल्यावर दोन कामाचे दिवस तो कॉमन्समध्ये तपासायला मिळतो. एखादं पान गायब दिसलं तर मागे घेऊन पुन्हा पाठवता येतं, पण मूळ मुदत संपायच्या आतच. म्हणून ५ तारखेचा अर्ज २ तारखेला गेलेला बरा.