चकतीतील जिवाणू आणि कंबरदुखी

कंबरदुखीचे मूळ मणक्यांमधील चकतीत शिरलेले जिवाणू असून प्रतिजैविकांचा लांब कोर्स केला की ती कायमची जाते, असा संदेश अनेक वर्षे फिरत आहे. तो अगदीच निराधार नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या काही चकत्यांत ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस’ हा जिवाणू खरोखरच आढळला आहे; मात्र तो निरोगी त्वचेवरही, केसांच्या मुळाशी, कायम वस्तीला असतो, त्यामुळे चकती बाहेर काढताना तो नमुन्याला चिकटला नाही ना, याची खात्री आधी करावी लागते. म्हणूनच त्याच रुग्णाच्या त्वचेचे व स्नायूंचे नमुनेही तपासले होते का, हे अशा दाव्यात प्रथम पाहावे. उपचारांबाबत, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील चाचणीत १०० दिवसांच्या प्रतिजैविकांचा फायदा दिसला होता. २०१९ मधील नॉर्वेच्या चाचणीत, १८० रुग्णांपैकी निम्म्यांना हुबेहूब दिसणारे निष्क्रिय औषध दिले असता, रुग्णाला जाणवावा इतका फरक आढळला नाही. चकतीचा खरा जंतुसंसर्ग हा वेगळा आणि गंभीर आजार आहे: ताप, विश्रांतीतही न थांबणारी वेदना, रक्तातील वाढलेले सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) ही त्याची लक्षणे असू शकतात, आणि तिथे प्रतिजैविके अनेक आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घ्यावीच लागतात.