हिप-हॉप, तरुण पिढी आणि पालकांची जबाबदारी

हिप-हॉप संगीत, त्यातही रॅप (तालावर भराभर बोलून म्हटलेली गाणी), ऐकून मुले बिघडतात का, आणि बिघडत असतील तर ते पाहायचे कोणी, यावर अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या मध्यापासून चाललेला सार्वजनिक वाद. सिनेटच्या सुनावण्या, न्यायालये, चर्च, महाविद्यालये आणि शेवटी मोबाइलमधली सेटिंग असा त्याचा प्रवास झाला. वादाला तोंड रॅपमुळे फुटले नाही आणि रॅपवर सर्वांत जिव्हारी लागणारी टीका कृष्णवर्णीय समाजातूनच झाली, या दोन गोष्टी सहसा विसरल्या जातात. ‘पालकांनी लक्ष द्यावे’ हे पालुपद मात्र पहिल्यापासून कायम आहे. ते कोणाच्या तोंडी आहे, एवढेच बदलत गेले.

पार्श्वभूमी

हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीतल्या रहिवाशांच्या सामाईक खोलीत झाला, असे मानतात. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून सिंडी कॅम्पबेल या शाळकरी मुलीने पार्टी ठेवली. प्रवेश मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्डी वाजवायला थोरला भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क, आणि साउंड सिस्टिम वडिलांची. पुढे ज्या संगीताने घरे मोडतात असा बोभाटा झाला, त्याची पहिली मैफल अशी घरगुती होती.

त्या काळातला ब्राँक्स मात्र घरे टिकावीत असा नव्हता. वस्तीच्या मधोमध काढलेला महामार्ग, रोजच्या आगी, ओस पडलेल्या इमारती. १९८०च्या दशकात त्यात क्रॅकची, म्हणजे धूर ओढून घ्यायच्या स्वस्त कोकेनची, भर पडली. १९८६च्या कायद्याने एक ग्रॅम क्रॅकला शंभर ग्रॅम पूड कोकेनइतकी शिक्षा ठरवली, आणि क्रॅकचे खटले मुख्यतः कृष्णवर्णीयांवर भरले गेले. वडील तुरुंगात आणि आई कामावर, अशी कितीतरी घरे झाली. पालकांनी लक्ष द्यावे, हा सल्ला अशा घरांना दिला जात होता, हे ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचा वाद नीट कळत नाही.

काळा-पांढरा चौकोन

टिपर गोर या वॉशिंग्टनमधल्या गृहिणी, सिनेटर अल गोर यांच्या पत्नी. त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीसाठी प्रिन्सचा ‘पर्पल रेन’ अल्बम घेतला आणि घरी त्यातले एक गाणे ऐकून त्या हबकल्या. १९८५मध्ये त्यांनी अर्थमंत्र्यांच्या पत्नी सुझन बेकर आणि इतर मैत्रिणींसह ‘पॅरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर’ ही संस्था काढली. संस्थेने पंधरा आक्षेपार्ह गाण्यांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात मॅडोना होती, हेवी मेटल या कर्कश रॉक संगीताची बरीच मंडळी होती, पण एकही रॅप गाणे नव्हते.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे सुनावणी झाली. फ्रँक झॅपा, जॉन डेन्व्हर आणि डी स्नायडर या तीन अगदी वेगळ्या पठडीतल्या गायकांनी एकमुखाने विरोध केला. तरी नोव्हेंबरात ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने सूचना छापण्याचे मान्य केले, आणि १९९०मध्ये तिला ठरावीक रूप आले : कव्हरच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या रंगाचा आडवा चौकोन, त्यात ‘पॅरेंटल ॲडव्हायझरी’ हे शब्द. हे लेबल ऐच्छिक आहे. ते लावायचे की नाही हे कंपनीच ठरवते. चित्रपटांसारखी वयाची पायरी त्यात नाही, गाण्यात नेमके काय खटकणारे आहे याचाही उल्लेख नाही. पालकाने दुकानात उभे राहून कव्हर उलटेपालटे करून पाहावे, एवढीच अपेक्षा.

ही अपेक्षा पुरी झाली नाही. पोरांच्या लेखी तो चौकोन म्हणजे ‘आत माल आहे’ अशी पाटीच ठरला. दुसरीकडे, वॉलमार्टसारखी साखळी लेबल असलेले अल्बम ठेवीना, म्हणून कंपन्या शिव्या पुसलेली ‘क्लीन’ आवृत्ती वेगळी काढू लागल्या. एकाच गाण्याचे दोन अवतार बाजारात आले. आजही ते तसेच येतात.

फ्लोरिडाचा खटला

हे ठरावीक लेबल सर्वप्रथम मिरवले ते मायामीच्या टू लाइव्ह क्रू या रॅप गटाच्या १९९०च्या अल्बमने. त्याआधीच्या त्यांच्या अल्बमला ६ जून १९९० रोजी फ्लोरिडातल्या संघराज्य न्यायाधीशांनी अश्लील ठरवले होते. ध्वनिमुद्रित संगीताचा अल्बम संघराज्य न्यायालयात अश्लील ठरण्याची अमेरिकेतली ही पहिली वेळ. दोन दिवसांत तो अल्बम विकणाऱ्या एका दुकानदाराला अटक झाली आणि त्याच आठवड्यात गटातल्या गायकांना. गंमत अशी, की ज्या कार्यक्रमावरून गायकांना पकडले तो फक्त प्रौढांसाठी होता. मुलांच्या रक्षणासाठी उठलेल्या आरोळीचा शेवट मुले नसलेल्या जागी धाड घालण्यात झाला.

ऑक्टोबरात खटला उभा राहिला. पुरावा म्हणून पोलिसांनी चोरून केलेली, खरखरणारी टेप वाजवण्यात आली. शब्द कळेनात, आणि जे कळले ते गंभीर चेहऱ्याच्या पोलिसांच्या तोंडून पुन्हा ऐकताना ज्युरींना हसू आवरेना. मोठ्याने हसलेले चालेल का, अशी चिठ्ठीच त्यांनी न्यायाधीशांकडे पाठवली. बचावासाठी साहित्याचे प्राध्यापक हेन्री लुइस गेट्स आले. अचकटविचकट बोलून, फुगवून सांगून एकमेकांवर कुरघोडी करण्याची कृष्णवर्णीयांची जुनी मौखिक परंपरा त्यांनी समजावून सांगितली. तमाशातले सवाल-जवाब किंवा शिमग्यातल्या शिव्या ऐकलेल्या माणसाला हा मुद्दा फोड करून सांगावा लागू नये. गायक निर्दोष सुटले, आणि १९९२मध्ये अपील न्यायालयाने अल्बमवरचा अश्लीलतेचा शिक्काही पुसला.

घरातले भांडण

१९८८नंतर लॉस एंजेलिसकडून गँगस्टा रॅप, म्हणजे टोळ्या आणि बंदुकांची भाषा बोलणारे रॅप, आले. एन.डब्ल्यू.ए. या गटाच्या पोलिसविरोधी गाण्यावरून एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने १९८९मध्ये कंपनीला नापसंतीचे पत्र धाडले. १९९२मध्ये आइस-टीच्या ‘कॉप किलर’वरून राष्ट्राध्यक्षांपर्यंत सगळे रॅपवर तुटून पडले. ते गाणे खरे तर हेवी मेटल होते, पण गायक रॅपर म्हणून ओळखला जाई, तेवढे पुरले.

वादाचा खरा गाभा मात्र या सरकारी नाराजीत नाही. ५ जून १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री कॅल्व्हिन बट्स यांनी स्त्रियांचा अपमान करणाऱ्या रॅपच्या सीडी-कॅसेटी रोडरोलरखाली चिरडण्याचे जाहीर केले. रोलर आला, खोकी आली, आणि वस्तीतलीच तरुण मंडळी रोलरसमोर आडवी उभी राहिली. रोलर फिरला नाही. काही कॅसेटी पायांखाली तुडवल्या गेल्या, उरलेली खोकी सोनी कंपनीच्या कचेरीपुढे नेऊन टाकली. एकाच रस्त्यावर, एकाच रंगाच्या दोन पिढ्या समोरासमोर उभ्या असलेला हा प्रसंग या साऱ्या वादाचे चित्र म्हणून पुरेसा आहे.

सी. डेलोरेस टकर यांना तर ‘परंपरावादी’ म्हणून निकालात काढणे अवघडच होते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत मोर्चात चाललेल्या या बाईंनी १९९५मध्ये रिपब्लिकन नेते विल्यम बेनेट यांच्याशी हातमिळवणी केली, टाइम वॉर्नर या मनोरंजन कंपनीचे शेअर घेतले आणि भागधारकांच्या सभेत उभे राहून संचालकांना जाब विचारला. त्याच वर्षी कंपनीने इंटरस्कोप या रॅपसाठी गाजणाऱ्या ध्वनिमुद्रण कंपनीतला आपला निम्मा हिस्सा विकून टाकला. गाणी थांबली नाहीत, मालक बदलला.

स्त्रियांचा प्रश्न रॅपच्या आतूनही विचारला जात होता. रॅपर क्वीन लतीफाने १९९३मध्येच बाईला शिवी देणाऱ्यांना रॅपमधूनच सुनावले. २००४मध्ये अटलांटातल्या स्पेलमन या कृष्णवर्णीय मुलींच्या महाविद्यालयात आणखी अवघड प्रसंग आला. रॅपर नेली याची बहीण रक्ताच्या कर्करोगाने आजारी होती. तिच्यासाठी अस्थिमज्जादात्यांच्या नोंदणीचे शिबिर तिथे ठरले होते. नेलीच्या एका व्हिडिओत बाईच्या पार्श्वभागावरून क्रेडिट कार्ड फिरवल्याचे दृश्य होते. मुली म्हणाल्या, शिबिर जरूर घ्या, पण त्या व्हिडिओवर आमच्याशी बोला. शिबिर रद्द झाले. दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त असावे आणि नुकसान तिसऱ्याचेच व्हावे, असे या वादात वारंवार झाले आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात विनोदवीर बिल कॉस्बी यांनी एका गाजलेल्या भाषणात गरीब कृष्णवर्णीय पालकांवरच तोफ डागली : पोराला पाचशे डॉलरचे बूट घेऊन देतात आणि वाचायला शिकवणाऱ्या दोनशे डॉलरच्या संचाला पैसे नसतात. टाळ्या पडल्या. मायकल एरिक डायसन या अभ्यासकाने पुस्तकभर उत्तर दिले, की शाळा, पगार आणि तुरुंग यांचा हिशेब न मांडता बुटांचा मांडणे ही श्रीमंतांची चैन आहे. कॉस्बींवरच पुढे लैंगिक अत्याचाराचे खटले झाले. २०१८मध्ये ते दोषी ठरले आणि २०२१मध्ये कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर निकाल रद्द झाला. त्यामुळे त्या भाषणातल्या उपदेशाला आज कोणी वाली उरलेला नाही.

ढाल झालेले लेबल

एप्रिल १९९९मध्ये कोलंबाइन शाळेत गोळीबार झाल्यावर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी संघीय व्यापार आयोगाला, हिंसक मनोरंजन मुलांना विकले जाते का, याची चौकशी सांगितली. सप्टेंबर २०००च्या अहवालाने उद्योगाचे पितळ उघडे पाडले. तपासलेले ५५ लेबलधारी अल्बम सगळेच्या सगळे सतरा वर्षांखालच्या मुलांपर्यंत पोहोचतील अशा बेताने विकले गेले होते. आयोगाने १३ ते १६ वयाची मुले एकटी दुकानांत पाठवून पाहिली, तेव्हा १०० पैकी ८५ खेपांना त्यांना लेबल असलेला अल्बम बिनदिक्कत मिळाला. एका हाताने ‘पालकांनो सावधान’ छापायचे आणि दुसऱ्या हाताने पोरांच्या मासिकात जाहिरात द्यायची, असा तो व्यवहार होता.

त्या अहवालावरच्या सिनेटच्या सुनावणीत उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार डिक चेनी यांच्या पत्नी लिन चेनी यांनी रॅपर एमिनेमचे नाव घेऊन टीका केली. त्याच वर्षीच्या अल्बममधल्या एका गाण्यात एमिनेमने उलट सवाल टाकला होता : शाळेत गोळीबार होतो तेव्हा गायकांना धरता, आईबाप कुठे होते? पंधरा वर्षांत चक्र असे पुरे फिरले. १९८५मध्ये पालकांनी उद्योगाकडे मागितलेली गोष्ट २०००पर्यंत उद्योगाची आणि कलावंतांची ढाल बनली होती.

संशोधन काय सांगते

ॲलाबामातल्या १४ ते १८ वयाच्या ५२२ कृष्णवर्णीय मुलींवर वर्षभर लक्ष ठेवून २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रॅपचे व्हिडिओ जास्त पाहणाऱ्या मुलींमध्ये शिक्षकावर हात उगारण्याचे प्रमाण तिप्पट आणि अटक होण्याचे अडीचपट आढळले. मात्र व्हिडिओमुळे मुली तशा झाल्या, की तशा मुली ते व्हिडिओ जास्त पाहत होत्या, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. २००६च्या दुसऱ्या एका पाहणीत फरक गाण्याच्या प्रकारामुळे पडत नसून स्त्रीला केवळ वस्तू मानणाऱ्या शब्दांमुळे पडतो असे दिसले. ते शब्द कोणत्याही संगीतात असू शकतात. शिवाय गँगस्टा रॅपचा खप चढत होता त्याच १९९०च्या दशकात अमेरिकेतले हिंसक गुन्हे उतरत गेले.

सर्वांत बोलका प्रयोग मानसशास्त्रज्ञ कॅरी फ्राइड यांचा, १९९६चा. पोलिसाला ठार केल्याचे वर्णन करणाऱ्या एका जुन्या लोकगीताचे शब्द त्यांनी लोकांना वाचायला दिले. काहींना सांगितले हे रॅप आहे, काहींना सांगितले हे कंट्री, म्हणजे गोऱ्या ग्रामीण अमेरिकेचे, गाणे आहे. शब्द तेच, पण रॅप म्हटल्यावर ते जास्त आक्षेपार्ह आणि धोकादायक वाटले.

भारतातले पडसाद

भारतात हा वाद उशिरा आणि वेगळ्या रूपात आला. २०१२च्या डिसेंबरात दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर यो यो हनी सिंग याच्या नावावरच्या गाण्यांवर संताप उसळला आणि गुडगावमधला त्याचा नववर्षाचा कार्यक्रम रद्द झाला. अश्लील गाण्यांवरून नागपुरातही त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, आणि त्यासाठी २०२२मध्ये त्याला नागपूर पोलिसांपुढे आवाजाचे नमुने द्यावे लागले. मुंबईच्या गल्ली रॅपचा मात्र पालकांना धाक वेगळ्या कारणाने वाटला : पोरगा वाया जाईल, यापेक्षा पोरगा पोटाला काय खाणार, ही चिंता मोठी. डिव्हाइन आणि नेझी यांच्या २०१५च्या गाण्यानंतर, आणि विशेषतः २०१९च्या ‘गली बॉय’ चित्रपटानंतर, ती थोडी ओसरली. २०२३मध्ये काही मराठी रॅपरांवर गुन्हे दाखल झाले ते राजकीय ओळींवरून. त्या प्रकरणांत मुलांच्या संस्कारांचा कुणी विषयही काढला नाही.

सध्याची स्थिती

कव्हर गेले तसा कोपराही गेला. संगीताच्या ॲपमध्ये गाण्याच्या नावाशेजारी इंग्रजी ‘ई’ अक्षराचा (‘एक्सप्लिसिट’, म्हणजे असभ्य शब्द असलेले) इवलासा डबा दिसतो आणि कुटुंबाच्या खात्यात पालकाला अशी गाणी बंद करता येतात. ते बटण कुठे आहे हे बहुधा मुलांनाच आधी ठाऊक असते. हेडफोन घातल्यावर शेजारी बसलेल्या आईलाही काही ऐकू येत नाही. टिपर गोर यांना ते गाणे कानी तरी पडले होते.

फेब्रुवारी २०२२मध्ये न्यूयॉर्कचे महापौर एरिक ॲडम्स यांनी ड्रिल या हिंसक रॅपचे व्हिडिओ समाजमाध्यमांवरून काढून टाकावेत, असे जाहीर आवाहन केले. ड्रिल म्हणजे काय हे आपल्याला माहीतच नव्हते, मुलाने व्हिडिओ पाठवले तेव्हा कळले, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. मुलगा रॅपर जे-झीच्या कंपनीत नोकरीला होता. काही दिवसांतच ॲडम्स यांनी ड्रिल गाणाऱ्या तरुणांना बोलावून घेतले आणि त्यांच्याशी बोलणी केली.