हवेचे वजन आणि प्लावक बल

हवेत राहूनच हवेचे वजन करायला गेले की प्लावक बल आडवे येते. विहिरीत बुडालेली भरली घागर ओढताना हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की दोर एकदम ताणला जातो. आपणही हवेच्या तळाशीच राहतो. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार वस्तू जितकी हवा बाजूला सारते, तितक्या हवेच्या वजनाएवढे बल तिला वर उचलते.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे. २५° से. तापमानाला इथली एक लिटर हवा साधारण १.१ ग्रॅम भरते, घाट उतरून मुंबईत गेले की जवळपास १.२. प्लास्टिकच्या पिशवीत पाच लिटर हवा धरून तोंड बांधले, तर आत साडेपाच ग्रॅम हवा असते. तरीही काट्यावरचा आकडा रिकाम्या पिशवीचाच राहतो, कारण फुगलेली पिशवी तेवढ्याच वजनाची हवा बाजूला सारते.

शाळेत काठीच्या दोन टोकांना फुगे बांधून एक फोडतात, दुसरा खाली जातो आणि ‘हवेला वजन असते’ एवढे सांगून विषय संपवतात. हे स्पष्टीकरण अपुरे आहे आणि ते पुरे करून सांगायला हवे. ताणलेल्या रबरामुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा दोन-तीन टक्के दाट असते. काठी झुकते ती या जादा हवेमुळे. तीन लिटरच्या फुग्यात ती जेमतेम ०.१ ग्रॅम भरते. त्यापेक्षा फुटबॉल बरा. नुसता गोल होईपर्यंत भरून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवावा, मग पंपाने टणक करून पुन्हा ठेवावा. आकार तोच, म्हणून प्लावक बलही तेच; आकडा मात्र पाचेक ग्रॅमने चढतो. गॅलिलिओनेही बाटलीत हवा कोंबूनच वजन केले होते. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्याने पाणी हवेच्या सुमारे ४०० पट जड ठरवले. खरे प्रमाण ८००च्या आसपास आहे.

सगळ्यात सरळ मार्ग निर्वात पंपाचा. एक लिटरच्या जाड काचेच्या चंबूतली हवा काढून घेतली, की पुण्यात तो १.१ ग्रॅमने हलका होतो.

हेच बल सोन्यालाही उचलते. दहा ग्रॅम शुद्ध सोने अर्धा मिलिलिटर हवा सारते, तर काटा ज्या पोलादी वजनांनी जुळवतात ती सव्वा मिलिलिटर. म्हणून सोने ०.८ मिलिग्रॅम जास्त भरते. सोन्या मारुती चौकातल्या सराफी दुकानात, काचेच्या पेटीतल्या मिलिग्रॅमच्या काट्यावरही हा फरक शेवटच्या अंकाच्या आतच राहतो. किलोभर सोन्याला मात्र तो ८० मिलिग्रॅम होतो.