म६७ : मर्सेन यांच्या यादीतील संयुक्त संख्या

म६७ म्हणजे २^६७ − १. अंकांत लिहिल्यास १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. या एकवीस अंकी संख्येला दोनच मूळ अवयव आहेत : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या पटाला चौसष्टऐवजी सदुसष्ट घरे असती, तर एकूण दाणे बरोबर इतके झाले असते. द्विमान पद्धतीत ही संख्या सदुसष्ट एकांची सलग ओळ आहे.

फ्रेंच धर्मोपदेशक व गणिती मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये, २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांसाठी २^न − १ ही संख्या मूळ ठरते याची यादी दिली. तीत ६७ होता. मर्सेन यांनी ६१ लिहायचे असावे व चुकून ६७ उतरले असावे, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. घातांक ६१ ची संख्या खरोखरच मूळ आहे; ते इव्हान पेर्वुशिन यांनी १८८३ मध्ये दाखवले.

म६७ मूळ नाही हे फ्रेंच गणिती एद्वार ल्युका यांनी १८७६ मध्ये सिद्ध केले, पण तिचा एकही अवयव त्यांच्या हाती नव्हता. ही संख्या अभ्यासण्याजोगी ठरते ती इथेच. संख्या फुटते हे कळणे आणि ती कुठे फुटते हे कळणे, ही दोन वेगळी कामे आहेत. ल्युका यांची कसोटी पुढे डेरिक लेमर यांनी सोपी केली. चारपासून सुरुवात करायची. वर्ग करून दोन वजा करायचे आणि म६७ ने भागून बाकी घ्यायची. असे पासष्ट वेळा केल्यावर शून्य उरले तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. या साऱ्या आकडेमोडीत अवयवांचा मागमूसही लागत नाही.

फेर्माची नेहमीची कसोटी अशी : न ही विषम संख्या मूळ असेल, तर २ च्या (न − १) व्या घाताला न ने भागल्यावर बाकी १ उरते. आधार २ घेतलेली ही कसोटी मात्र इथे फसते. ६७ मूळ असल्याने २^६७ − २ ला ६७ ने निःशेष भाग जातो. म्हणजे म६७ वजा १ हा ६७ च्या पटीत आहे. २^६७ ला म६७ ने भागल्यावर बाकी १ उरते; म्हणून २ चा (म६७ − १) वा घात म६७ ने भागला तरी बाकी १ च उरते आणि संयुक्त संख्या मूळ असल्याचा भास होतो. अशा संख्येला छद्ममूळ म्हणतात.

अवयव शोधताना दोन नियम उपयोगी पडतात. म६७ चा प्रत्येक मूळ अवयव १३४क + १ (क ही पूर्ण संख्या) या रूपाचा असतो, आणि त्याला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरतात. लहान अवयवासाठी क = १४,४५,५८० व बाकी १; मोठ्यासाठी क = ५,६८,५३,६०,१२९ व बाकी ७. या दोन चाळण्या लावूनही लहान अवयवापर्यंत पोहोचायला सात लाख बावीस हजारांवर उमेदवार उरतात. हाताने भागाकार करणाऱ्याला हे जवळजवळ अशक्यच. अमेरिकी गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी वर्गशेषांचा, म्हणजे पूर्ण वर्गांना एखाद्या संख्येने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांचा, आधार घेऊन हा शोध आणखी आवळला आणि ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत दोन्ही अवयव मांडले. ते एक शब्दही न बोलता फळ्याकडे गेले, एका बाजूला २^६७ − १ ची किंमत काढली, दुसऱ्या बाजूला गुणाकार केला आणि जागेवर जाऊन बसले, अशी हकिगत पुढे प्रसिद्ध झाली. ती बऱ्याच काळानंतर सांगितली गेली असल्याने तिचा तपशील जपूनच घ्यावा.

म६७ मूळ असती तर २^६६ × म६७ ही परिपूर्ण संख्या झाली असती, म्हणजे स्वतःखेरीज तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरली असती. म६७ संयुक्त असल्यामुळे विभाजक वाढतात आणि ही बेरीज त्या संख्येच्या पुढे जाते.