अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं का? बाटलीला छिद्र पाडून पाहा

"अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून माणसं तरंगतात" हा फॉरवर्ड गावच्या ग्रुपवर फिरतच असते, सोबत केस चारी बाजूंनी पसरलेल्या महिला अंतराळवीराचा व्हिडिओ. व्हिडिओ खरा आहे बाप्पा, खालचं कारण तेवढं चुकलं. पाहणाऱ्याला तसं वाटणं साहजिकच आहे म्हणा.

अंतराळ स्थानक जमिनीपासून 400 किमीच्या आसपास फिरते, म्हणजे नागपूर-मुंबईच्या निम्मंच अंतर, अन् तिथं पृथ्वीची ओढ 90 टक्क्यांच्या जवळपास शाबूत असते. तेवढा उंच मनोरा बांधून 50 किलोच्या बाईला काट्यावर उभं केलं तर काटा 44 दाखवल. मग स्थानकातली ती अंतराळवीर तरंगते कशी? तर स्थानक ताशी 28,000 किमीनं आडवं पळते अन् सोबतच खाली पडतही असते, पण पृथ्वी गोल, त्यामुळं जमीनही तेवढीच खाली वळत जाते. स्थानक पडते, ती पडते, तिचा कंगवा पडते, सगळे सोबतच, म्हणून कोणाचा कोणावर भार नाही. भार नाही म्हणून हाडं कमजोर होतात, त्यासाठी रोज दोनेक तास व्यायाम, पट्ट्यांनी बांधून ट्रेडमिलवर पळायचं.

घरी पाहायचं तर प्लास्टिकच्या बाटलीला बुडाजवळ छिद्र पाडा, पाणी भरा, झाकण उघडंच ठेवा. धार लागली की स्लॅबवरून खाली सोडून द्या (खाली कोणी नाही ना, तेवढं पाहून). पडताना धार बंद होते! बाटली अन् पाणी सोबतच पडते, म्हणून पाण्याचा बाटलीवर भार राहत नाही. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये धार थांबलेली चांगली दिसते. ओढ तर तिथंच आहे, नाही तर बाटली पडलीच नसती.