पूर्व पुण्याचा माळ: गवत गेलं कुठे?

बारामती, इंदापूर, दौंड आणि पुरंदरचा कोरडा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाला पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. इथल्या मुरमाड माळाचं खरं धन गवत. त्यावर धनगरांनी पिढ्यानपिढ्या घडी बसवली होती: पावसाळ्यात माळावर, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात, वाटेत लोकांच्या शेतात मेंढ्या बसवत. मराठेशाहीत घोड्यांसाठी कुरणं राखली जात. इंग्रजी अमदानीत शेतसारा न देणारी जमीन पडीक ठरली. बरे माळ नांगराखाली गेले आणि उरलेल्यांवर चराईचा भार वाढला.

अतिचराईने माळ एकदम बोडका होत नाही, आधी त्यावरचं गवत बदलतं. शेडा, मारवेल ही कसदार गवतं जनावरं आधी खातात. बी धरायच्या आत ती संपली की कुसळी माजते. तिचं बी हातात घेऊन बघावं: टोक सुईसारखं, मागे पीळ भरलेलं लांब कुसळ. ओलीत पीळ सुटतो, सुकताना परत बसतो आणि बी मातीत शिरत जातं. मेंढीच्या लोकरीत अडकलं तर तसंच कातडीत.

१९७२च्या दुष्काळानंतर चाऱ्याचं उत्तर झाडांत शोधलं गेलं. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने सुबाभूळ गावोगावी नेली. पाला प्रथिनयुक्त, पण त्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असल्याने नुसता तोच खाऊ घालता येत नाही. बांधावर ती शोभते. माळ हिरवा करायचा म्हणून मात्र ठिकठिकाणी गिरिपुष्पाचं झाड लावलं गेलं, ही मला मोठी चूक वाटते. सावलीत गवत दबतं, आणि चिंकारा, लांडगा यांना उघडा माळच लागतो. बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं ते अशाच माळावर.

आता भर पुन्हा गवतावर आहे. घट्ट झालेली जमीन हलकी उकरायची, पहिल्या पावसाआधी मारवेल, अंजन या गवतांचं बी पेरायचं. सोबतीला स्टायलो ही चाऱ्याची वनस्पती, ती द्विदल असल्याने जमिनीत नत्रही भरते. सुरुवातीला चराई बंद, चारा विळ्याने कापून न्यायचा. पूर्वी दुष्काळात फड्या निवडुंगाचे काटे जाळून तो गुरांना घालत. आज ‘बाएफ’ बिनकाट्याच्या निवडुंगावर काम करते. तो आपली रंध्रं (सालीवरची बारीक छिद्रं) रात्री उघडतो, म्हणून पाणी कमी उडतं. पण त्यात तंतू कमी, तेव्हा कडब्याबरोबरच द्यावा लागतो.

यात सर्वांत अवघड चराईबंदी. माळ बंद असताना मेंढपाळांनी कळप कुठे न्यायचे, हे गावाने त्यांना बरोबर घेऊन, बी पेरण्याआधीच ठरवलं पाहिजे.