१६ कोटींच्या इंजेक्शनाआधीची तीस वर्षं

२०२१ साली मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी लोकवर्गणीतून सुमारे १६ कोटी रुपये जमले, केंद्र सरकारनं जवळपास ६ कोटींचे कर माफ केले आणि एसएमए (स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी) या जनुकीय आजारावरच्या 'झोलजेन्स्मा' या औषधाचं नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं. चर्चा मात्र किमतीचीच झाली. त्यामागचा माणूस, अमेरिकेतल्या कोलंबस शहरातले डॉ. जेरी मेंडेल, फारसा कुणाला कळला नाही.

मेंडेल मूळचे ड्यूशेन या स्नायू झिजवणाऱ्या जनुकीय आजाराच्या मुलांचे डॉक्टर. या आजारात पाच-सहा वर्षांचा मुलगा जमिनीवरून सरळ उठू शकत नाही. आधी ओणवा होतो, मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत स्वतःच्याच अंगावरून वर चढतो. प्रेडनिसोन या स्टेरॉइडनं फरक पडतो असं काही डॉक्टर म्हणत, पण भक्कम पुरावा नव्हता. १९८९ मध्ये मेंडेल आणि सहकाऱ्यांनी १०३ मुलांवर सहा महिन्यांची चाचणी करून तो दिला. ताकद खरंच वाढत होती. आजार बरा होत नव्हता, पण घरच्यांच्या हाती पहिल्यांदा काहीतरी आलं.

मग जनुकोपचार, म्हणजे बिघडलेल्या जनुकाच्या जागी काम करणारं जनुक शरीरात पोचवणं. २०१० साली त्यांनी ड्यूशेनच्या सहा मुलांच्या दंडात डिस्ट्रोफिनचं, म्हणजे या आजारात स्नायूंना न मिळणाऱ्या प्रथिनाचं, जनुक सोडल्याचे निष्कर्ष मांडले. काहींच्या शरीरानं नव्या प्रथिनालाच परकं ठरवलं होतं. असं अपयश सविस्तर छापणं मला यशाइतकंच मोलाचं वाटतं.

एसएमएमध्ये बिघाड वेगळा: एका जनुकाअभावी पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरतात. बाळाला मान धरता येत नाही. ते जनुक १९९५ मध्ये पॅरिसला सापडलं. २००९ मध्ये मेंडेल यांच्याच रुग्णालयात ब्रायन कास्पर यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की नवजात उंदराच्या शिरेत सोडलेला एएव्ही९ हा विषाणू थेट त्या पेशींपर्यंत पोचतो. त्याच्याच पाठीवर जनुक चढवलं गेलं आणि २०१४ मध्ये मेंडेल यांच्या नेतृत्वाखाली बाळांना ते देणं सुरू झालं.

पहिल्याच बाळाच्या यकृताची विकरं सामान्य मर्यादेच्या ३१ पटींवर गेली. उपाय म्हणून आलं प्रेडनिसोलोन, त्या जुन्या प्रेडनिसोनचंच भावंड. पुढच्या बाळांना ते आदल्या दिवसापासूनच, महिनाभर दिलं गेलं. १५ पैकी १५ बाळं २० महिन्यांची झाली, तीही कायमच्या व्हेंटिलेटरशिवाय. एरवी शंभरात आठच तिथवर पोचत. जास्त मात्रा मिळालेल्या १२ पैकी ११ आधाराशिवाय बसली, दोघं चालली. २०१९ मध्ये औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली, किंमत २१.२५ लाख डॉलर.

यकृताचा धोका मात्र संपलेला नाही. मेंडेल यांच्याच कामातून आलेल्या ड्यूशेनच्या जनुकोपचारानंतर २०२५ मध्ये चालू न शकणारी दोन मुलं यकृत निकामी होऊन गेली. यकृताच्या याच धोक्यापायी झोलजेन्स्मा मिळालेल्या बाळाचे आईवडील सुरुवातीचा महिनाभर दर आठवड्याला त्याला रक्त तपासायला घेऊन येतात.